बेलार्मिनोचा स्पेन

बेलार्मिनो समोर येऊन बसला की माणसाची आधी तोर्तिया जायची आणि मग दुपार.

तोर्तिया म्हणजे आमच्याकडचं बटाटा-अंड्याचं जाडजूड धिरडं. त्याच्या बायकोनं, दोसिंदानं, ते वाफाळतं पाहुण्यापुढे आणून ठेवलेलं असायचं. पाहुण्यानं काटा उचलला रे उचलला की बेलार्मिनो खुर्ची ओढून बसायचा, पाहुण्याच्याच हातातला काटा घ्यायचा, तोर्तियाचे तुकडे करायचा आणि म्हणायचा, "हा स्पेन."

मग स्पेन मांडला जायचा. ताटाच्या वरच्या अंगाला एक तुकडा. "हे रिओखा. इथं तेंप्रानियो. काळं द्राक्ष, लवकर पिकणारं. त्याची वाइन ओकच्या पिंपात निजवतात, मग बाटलीत निजवतात. राजाच्या पोराला कुणी इतकं निजवत नसेल." जरा खाली, डावीकडे दुसरा तुकडा. "हे रिबेरा देल दुएरो. द्राक्ष तेच, पण उंचावरचं. दिवसा भाजून निघतं, रात्री गारठतं, म्हणून अंगानं कणखर." उजवीकडे, पूर्वेच्या समुद्राच्या बाजूला चीजचा तुकडा. "हे प्रिओरात. तिथं मातीच नाही, पाटीचा दगड आहे. गार्नाचा नावाच्या द्राक्षाची मुळं दगडाच्या भेगांतून पाणी शोधत उतरतात." तळाशी एक ऑलिव्ह. "खेरेस! खडूसारखी पांढरीफटक जमीन. पालोमिनो नावाचं द्राक्ष. आणि पिंपातल्या वाइनवर साय धरते. साय! दुधावर धरते तशी." आणि मधोमध पावाचा हा एवढा लचका. "हे ला मांचा. सपाट मैदान, नजर पोचेल तिथवर आइरेनची पांढरी द्राक्षं, जमिनीला चिकटलेली झुडपं. टँकर भरभरून निघते. तिला वाइन म्हणू नका. ती तहान आहे."

पाहुणा भला असेल तर विचारायचा, "आणि आपण आत्ता कुठं आहोत?"

स्पेनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बेलार्मिनोचं कोपर टेकलेलं असायचं. तो ते उचलायचा नाही. "इथं? इथं पाऊस आहे."

हे तो कुठं बसून बोलायचा म्हणता? त्याच कोपऱ्यात, गालिसियात, साल्नेसच्या खोऱ्यात, आमच्या कोस्तोया गावात, सासूनं लावलेल्या अल्बारिन्यो या पांढऱ्या द्राक्षाच्या मांडवाखाली. पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीतून अल्बारिन्योच पीत.

मला त्याचा राग यायचा तो एवढ्यासाठी की तो सांगायचा ते बहुतेक खरं असायचं. खोटं बोलणाऱ्याला गप्प करता येतं. दुसऱ्याचं खरं पाठ करून आलेल्याला कसं गप्प करायचं? वर यातलं त्यानं पाहिलं काहीच नव्हतं. रिओखाजवळून तो एकदा आगगाडीनं गेला होता, तेव्हा शेजारच्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. हे त्या बाईनंच सांगितलं. ती आमच्या पलीकडच्या गावची निघाली.

त्याचं आमचं कुंपण एकच. म्हणजे दगडी गडगा, कमरेएवढा. त्यामुळे मला त्याचं आयुष्य ऐकायला कधी कान टवकारावे लागले नाहीत.

बेलार्मिनो वरच्या वाडीतल्या पाथरवटाचा मुलगा. बाप मोठा कामसू. आमच्या खोऱ्यातले निम्मे मांडव ज्या दगडी खांबांवर उभे आहेत ते त्या माणसानं छिन्नीनं काढलेले. घरात मात्र द्राक्षाचा एक वेल नव्हता. दोसिंदाच्या घरी दोन मांडव होते, एक घरामागे आणि एक खाली ओढ्याच्या अंगाला. दोन्ही तिच्या आईनं, शेनेरोसाबाईंनी वाढवलेले, खोडं माणसाच्या कमरेएवढी. लग्न झालं तेव्हा गावात कुणी विचारलं नाही की त्याला दोसिंदात काय दिसलं. मांडव रस्त्यावरून दिसायचे.

लग्नानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत तो स्वित्झर्लंडला गेला. तेव्हा सगळेच जात. कुणी जर्मनीला, कुणी बोटीवर. आमच्याकडे नवरे म्हणजे नाताळला येणारी आणि ऑगस्टात येणारी वस्तू. लोझान शहरातल्या एका हॉटेलात तो आधी पेले विसळायचा, मग तळघरातून बाटल्या वर आणून द्यायचा. वर आणून द्यायचा, एवढंच. ओतणारा दुसरा असायचा. पण ओतणारा गिऱ्हाइकाला काय सांगतो ते त्यानं दाराआडून ऐकलं, आणि तेवढी शिदोरी घेऊन दहा-बारा वर्षांनी परत आला. सोबत एक काळा कोट, हाडाच्या मुठीचा बूच काढायचा स्क्रू, आणि आमच्याबद्दलची कीव.

तो नव्हता तेव्हा दोन्ही मांडव दोसिंदानं सांभाळले. हिवाळ्यात छाटणी, मग ओल्या वाळुंजाच्या काड्यांनी वेल तारेला बांधणं, मग पाठीवर टाकी घेऊन मोरचुदाची फवारणी. तिचे ब्लाउज खांद्यावर निळे पडलेले असत आणि ते धुऊन कधी गेलं नाही. आमच्याकडे द्राक्षं डोक्यावर लोंबतात. समुद्राची ओल जमिनीलगत साचते, म्हणून वेल उंच चढवायचे, की खालून वारा खेळावा. त्या सावलीत कोबी लावायचा, कोंबड्या सोडायच्या. मान वर करकरून बायका म्हाताऱ्या होतात. या खोऱ्यात कुणाही साठीच्या बाईला विचारा, दुखणं एकच सांगेल.

"किती आंबट," परत आल्यावर पहिल्याच जेवणाला बेलार्मिनो म्हणाला. वाटी उजेडात धरून त्यानं आत पाहिलं. "आणि रंग कुठाय?"

"पांढरी आहे ती," दोसिंदा म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

त्या दिवसापासून गावानं त्याचं नाव 'स्विस' ठेवलं. त्याला ते कौतुक वाटलं.

आता आमची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घराला पुरून ज्याची वाइन उरते तो वसंतात आपली पडवी उघडतो आणि दारावर लॉरेलची फांदी टांगतो. तीच लॉरेल, जिची पानं आपण रश्श्यात घालतो. फांदी दिसली की कुणीही यावं, बाकावर बसावं, वाटीनं वाइन प्यावी, घरात असेल ते खावं. याला आम्ही फुरांचो म्हणतो. अट एकच: वाइन त्या घरची हवी. एक हंगाम, एक फांदी. पिंप उतरत जातं तशी फांदीही वाळत जाते. पानं तपकिरी होऊन कुरकुरायला लागली की लोक समजतात, आता तळ आला. मग घरवाला फांदी उतरवतो आणि दार लावतो. फांदी उतरली की बसलेले लोक वाटी पालथी घालून उठतात, वाटीत काही उरलेलं असलं तरी. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. लिहायची गरज पडेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

बेलार्मिनोला या पडवीनं वेड लावलं. लोझानला तो दाराआडून ऐकायचा, इथं त्याला ऐकणारे मिळाले. गावची माणसं दोन-तीनदा ऐकून त्याच्याकडे पाठ करून बसायला लागली. पण त्याच सुमारास शहरातले लोक गाडी घेऊन समुद्रावर यायला लागले होते, आणि त्यांना रिकाम्या पोटी भूगोल ऐकायची सवय असावी.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात त्यानं विषय काढला.

"खालचा मांडव काढायचा."

"का?"

"तेंप्रानियो लावणार."

"इथं?"

"इथं म्हणजे काय? वेलाला पासपोर्ट लागतो का?"

"वेलाला ऊन लागतं," दोसिंदा म्हणाली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

ती वर्षभर नाही म्हणत राहिली आणि तो वर्षभर बोलत राहिला. जेवताना, चर्चमधून येताना, ती पाठीवर टाकी घेऊन फवारत असताना मागून चालत. टाकी तो घ्यायचा नाही, काळ्या कोटाला डाग पडले असते. शेवटी दोसिंदानं हार मानली, भुंकणाऱ्या कुत्र्याला हाड टाकतात तशी. "खालचा घे," ती म्हणाली. "पण मागच्या मांडवाला हात लावायचा नाही. तो आईचा पहिला आहे. शब्द दे."

त्यानं कोटावर हात ठेवून शब्द दिला. मी गडग्याशी वाटाणे सोलत होते, मला दोघंही दिसत होते. शब्द देताना तो खालच्या मांडवाकडे बघत होता, मोजमाप करत.

खोडं कापली. आपल्याच बापानं घडवलेले खांब पाडले आणि ते आडवे टाकून पडवीत पाहुण्यांसाठी बाक केले. वर गावाला सार्डिन भाजायला बोलावलं, कारण वेलाच्या लाकडाच्या निखाऱ्याला तोड नाही, हे लोझानलाही मान्य असावं. शेनेरोसाबाईंचे वेल जळत होते आणि बेलार्मिनो चिमट्यानं मासे उलटत रिओखावर बोलत होता.

आमच्या गावात एलादिया नावाची बाई आहे, ओहोटीला खाडीत शिंपल्या वेचते. तिची जीभ तिच्या फावड्यासारखी, खाली काय पुरलंय ते वर काढणारी. ती म्हणाली, "स्विस, तू सार्डिन भाजतोयस की सासू?"

सगळे हसले. दोसिंदा नाही हसली आणि तिनं खाल्लंही नाही.

तेंप्रानियो लावला तो रिओखाच्या जुन्या मळ्यांसारखा: मांडव नाही, तार नाही, गुडघ्याएवढी झुडपं. "असाच लावतात," तो म्हणाला. जिथं पाऊस पडत नाही तिथं असाच लावतात, हे खरं. आमच्याकडे ढग समुद्रावरून निघतात आणि पहिल्या डोंगराला धडकून बेलार्मिनोच्या शेतात बसतात. पहिल्या वर्षी पानांवर केवड्याची बुरशी. दुसऱ्या वर्षी भुरीची. तिसऱ्या वर्षी घड धरले, काळे होऊ लागले, आणि बेलार्मिनो शेजाऱ्यांना हाताला धरून दाखवायला नेऊ लागला. मग सप्टेंबरचा पाऊस लागला. घड आतून कुजले, राखाडी लव आली. एके सकाळी मी पाहिलं, तो शेतात छत्री घेऊन उभा होता. छत्री स्वतःच्या डोक्यावर नव्हती, वेलावर धरली होती.

एलादिया बादली घेऊन खाडीकडे निघाली होती. "अरे, एकाच वेलाचे लाड का? प्रत्येकाला एकेक छत्री घे! स्वित्झर्लंडहून मागव, तिकडं चांगल्या मिळतात म्हणे!"

"तुला काय कळतंय, एलादिया?"

"काही नाही बाबा. मी आपली ओल्या जागेत शिंपल्या शोधते. द्राक्षं शोधत नाही."

जे हाती लागलं त्याची त्यानं वाइन केली. जांभळट पाणी. "हिला वेळ द्यायला हवा," तो म्हणाला. दिला वेळ. तिनं तेवढ्या वेळात व्हिनेगर होऊन दाखवलं. दोसिंदानं त्यात कालवं मुरवली, ती मात्र छान झाली होती.

त्यानं दोष कुणाला दिला नाही? चंद्राला दिला. मोरचुदाला दिला. दोसिंदानं फवारलं म्हणून तिला दिला, आणि एका रविवारी अटलांटिक महासागराला दिला. स्वतःकडे यायच्या आत यादी संपायची.

दरम्यान एक गंमत झाली. बाहेरचे व्यापारी खोऱ्यात येऊन अल्बारिन्यो मागू लागले. ज्याला आम्ही घरची पांढरी म्हणत होतो तिला बाटली मिळाली, बाटलीवर नावाची चिठ्ठी मिळाली, माद्रिदच्या हॉटेलांत जागा मिळाली. ज्यांच्याकडे जुने वेल होते ते मिशीवर हात फिरवू लागले. बेलार्मिनोकडे जुन्या वेलांचे निखारे होते, तेही विझलेले.

पुढच्या वसंतातही वाइन अर्धीच होती, मागच्या मांडवाची तेवढी. फांदी लागली, शहरातले लोक आधीपेक्षा जास्त आले, आणि हंगाम अर्ध्यावर यायच्या आत पिंप वाजायला लागलं. शहाण्या माणसानं फांदी उतरवली असती. त्यात लाज काही नव्हती. पण फांदी उतरली की पाहुणे जाणार, आणि पाहुणे गेले की स्पेन कुणाच्या ताटात मांडायचा?

एका पहाटे ला मांचाच्या पाटीचा एक टँकर आमच्या गावात शिरला. गुपचूप येऊन गुपचूप जायचा बेत असावा. पण क्रूसाच्या वळणावर तो अडकला, चाक ओढ्याच्या कडेला गेलं, आणि तो ढकलायला निम्म्या गावाला अंथरुणातून उठावं लागलं. बेलार्मिनो काळ्या कोटात बाजूला उभा राहून "डावीकडे, डावीकडे" म्हणत होता. ज्यांनी ढकलला तेच संध्याकाळी पडवीत बसून ती वाइन प्यायले. कुणी अवाक्षर काढलं नाही. आमच्याकडे असंच आहे. आम्ही माणसाला तोंडावर खोटं म्हणत नाही, त्याच्याकडे नुसतं बघत पितो. बेलार्मिनोला वाटलं, पचलं.

इथवर निभावलंही असतं. पण त्याला हुशारी सुचली. पिंप भरलेलं आणि दारावरची फांदी मात्र तपकिरी, हे काही जुळेना. म्हणून त्यानं वाळकी फांदी काढली आणि हिरवीगार, टवटवीत नवी फांदी टांगली.

आमच्या गावच्या आठवणीत असं कुणी केलेलं नव्हतं. तो टँकर गावातनं वाजत गाजत फिरवला असता तरी इतकं जाहीर झालं नसतं.

एलादिया दारात थांबली. फांदीकडे खालून वर, वरून खाली बघत राहिली. आत दोसिंदा होती.

"काय ग दोसिंदा, तुमची फांदी बाळंत झाली की काय? पुन्हा तरणी कशी?"

दोसिंदानं तव्यावरची तोर्तिया उलटली. मी कांदे द्यायला गेले होते, मला तिचे कान दिसले. लाल झाले होते.

त्याच आठवड्यात बेलार्मिनोनं भर पडवीत, सगळ्यांसमोर सांगून टाकलं की सोमवारी मागचा मांडव काढणार. "त्याची सावली आणि ओल उतारानं खाली येते," तो म्हणाला. "म्हणून माझा तेंप्रानियो कुजतो. सेकुंदिनोला सांगितलंय, तो करवत घेऊन येईल."

सेकुंदिनो म्हणजे आमचा सुतार. तो वाटीत बघत बसला होता.

"वेल पानावर आलेत," दोसिंदा दारातून म्हणाली. "फुलोरा धरलाय. आणि तू शब्द दिला होतास."

"शब्द वेगळा आणि शास्त्र वेगळं."

तो असं सगळ्यांसमोर का बोलला ते तिला कळलं आणि मलाही. लोकांसमोर बोललेलं मागे घेणं त्याला जमत नसे. एकांतात सांगितलं असतं तर ती भांडली असती. चारचौघांत ती नवऱ्याचा पाणउतारा करणार नाही, याचा त्यानं हिशेब केला होता. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याबद्दल एवढंच शिकून घेतलं होतं, आणि तेही कच्चं.

त्या रात्री मी तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मांडवाखाली कोबी काढत होती, तेव्हा म्हटलं, "काय करणार आहेस?"

"तोर्तिया," ती म्हणाली. "रविवार आहे उद्या. गर्दी असणार."

रविवारी खरंच गर्दी होती. गावचे सगळे आले होते. वाइन कसली ते ठाऊक असूनही आले होते, कारण उद्या मांडव जाणार होता आणि त्याच्याकडे शेवटचं बघायला कुठंतरी बसावं लागणारच होतं. माद्रिदचा एक दातांचा डॉक्टर आणि त्याची बायकोही होती. बेलार्मिनो त्यांच्यापुढे. स्पेन नीट मांडून झाला होता. रिओखा झालं, रिबेरा झालं, प्रिओरातच्या दगडात मुळं शिरली. पावाचा लचका मधोमध ठेवून "ही तहान आहे" म्हणून झालं.

डॉक्टरनं वाटीतून घोट घेतला. "आणि ही? ही तुमच्या घरचीच ना?"

"म्हणजे काय! मागच्या मांडवाची."

"तोच तुम्ही उद्या कापणार म्हणताय तो?" डॉक्टरची बायको मान वर करून मोहराकडे बघत होती. "इतकी चांगली वाइन देतो, तर कापता कशाला?"

एकाच मांडवाला बेलार्मिनोनं शाबासकी दिली होती आणि फाशीही.

"मॅडम," तो म्हणाला, "ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. शास्त्र आहे."

दोसिंदा गरम तोर्तियाचं ताट घेऊन आली होती. तिनं ते सेकुंदिनोपुढे ठेवलं. ॲप्रनला हात पुसले. मग सासऱ्यानं घडवलेल्या त्या दगडी खांबावर, बाक झालेल्या, ती चढली. साठीला आलेली बाई, पण वर हात करून खुडायची सवय जन्माची. तिनं दारावरची हिरवी फांदी ओढून काढली.

"या घरची वाइन संपली," ती म्हणाली.

"अग, काय करतेस? पिंप भरलंय!" बेलार्मिनो ओरडला. "काठोकाठ भरलंय!"

"पिंप भरलंय," दोसिंदा म्हणाली. "वाइन संपली."

आधी सेकुंदिनोनं वाटी पालथी घातली. मग एकेकानं. टक, टक, टक, बाकांवर सगळीकडे. एलादिया सगळ्यांत शेवटी उठली. तिची वाटी भरलेली होती. ती तिनं बेलार्मिनोच्या ताटातल्या पावाच्या लचक्यावर ओतली, ला मांचाचं ला मांचाला, आणि मग पालथी घातली.

"चला," ती म्हणाली. "तहान भागली."

माद्रिदची दोघं बिचारी गार तोर्तियापुढे बसून राहिली. त्यांना कुणीतरी खाडीकडचा रस्ता दाखवला.

ते गेल्यावर सेकुंदिनोनं विचारलं, "मग उद्या येऊ की नको?"

"करवत आणलीस का?" दोसिंदानं विचारलं.

"गाडीत आहे."

"दे इकडे."

तिनं ती करवत आणून बेलार्मिनोच्या मांडीवर ठेवली. मी गडग्याशी होते आणि मी हलले नाही. शेजारधर्म काही असो.

"काप," ती म्हणाली. "मी अडवत नाही. पण फांदी परत लागेल ती घरच्या वाइनची. टँकर आला तर आता कुणी ढकलणार नाही. तुझ्या तेंप्रानियोत मी कालवं मुरवते. राहिला हा एक मांडव. तो काप, आणि मग पुढच्या वसंतात कुणापुढे बोलायचं ते ठरव. कोंबड्या आहेत. त्यांना रिओखा सांग."

त्यानं करवतीच्या दात्यांवरून बोट फिरवलं. मांडवाकडे बघितलं, रिकाम्या बाकांकडे बघितलं. मला तेव्हा स्पष्ट दिसलं की मांडवाकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बाकांकडे बघताना हललं. त्यानं आयुष्यात द्राक्षावर प्रेम केलंच नव्हतं, ना रिओखाच्या ना सासूच्या. त्याला बसलेली माणसं हवी होती, हातातला काटा काढून घेतला तरी उठून न जाणारी. दोसिंदाला हे कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे. तिनं ते वापरलं मात्र एकदाच, आणि बरोबर जागी.

करवत त्यानं भिंतीला टेकवून ठेवली. "गंजलीय," म्हणाला. "असल्या करवतीनं कुणी वेल कापतं का?"

सेकुंदिनोची करवत त्याच्या चेहऱ्यापेक्षा लख्ख होती.

पुढच्या वसंतात फांदी पुन्हा लागली. दोसिंदानं लावली. वाइन थोडी होती, पण मागच्या मांडवाची, पिवळसर हिरवी, जिभेवर लिंबू आणि शेवटी समुद्राचं मीठ. गाव आलं, प्यालं आणि गप्प राहिलं. आमच्याकडे याहून मोठी स्तुती नसते. खालच्या शेतात आता बटाटे आहेत. तेंप्रानियोची चार-दोन झुडपं बांधावर राहिलीत, पक्षी खातात. तेही फार नाही.

आणि बेलार्मिनो? सुधारला असेल असं वाटत असेल तर तुम्ही बेलार्मिनो बघितलेला नाही. काळा कोट आहे. स्क्रू आहे. हल्ली तो ताटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो. "हा आमचा कोपरा. अल्बारिन्यो! समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला. मी लोझानलाच म्हणत होतो, या द्राक्षाला दिवस येणार. लोक मांडव तोडत होते हो, वेडे! मी हा राखला." आणि शहरातली माणसं माना डोलावतात.

दोसिंदा आतून ऐकते आणि तोर्तिया उलटते. पानं तपकिरी झाली की कुठल्याही क्षणी ती बाकावर चढते आणि फांदी काढते, तो वाक्याच्या मध्ये असला तरी. गेल्या वर्षी खेरेसच्या सायीपर्यंत आला होता. ऑलिव्ह बोटांत धरलेलं तसंच राहिलं, आणि टक टक वाट्या पालथ्या.

त्याच्या आदल्या रविवारी एका चौकस मुलीनं त्याला विचारलं होतं. माद्रिदचीच असावी. ताटाकडे बोट करून म्हणाली, "काका, वर रिओखा, खाली खेरेस. मग मधे एवढी मोठी जागा रिकामी का?"

पाव हाताशीच होता. बेलार्मिनोनं एलादियाकडे पाहिलं. एलादिया वाटी तोंडाला लावून त्याच्याकडेच बघत होती.

"मधे?" तो म्हणाला. "मधे काही नाही."